बुरशीचे नाव आणि कूळ

आषाढ लागला की कोकणातल्या, गोव्यातल्या आणि बेळगावकडच्या घरांतून एक अनाहूत पाहुणा हमखास येतो. लोणच्याच्या बरणीच्या कडेला पांढरा बुरा दिसू लागतो, ठेवणीतल्या चपलांवर हिरवट पूड धरते, फडताळातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर करडे ठिपके उमटतात. गृहिणी एवढेच म्हणते, "बुरशी आली." ती कोणती, हे ती विचारीत नाही, आणि विचारण्याचे तिला कारणही नसते. फडक्याने पुसावी, ऊन पडेल तेव्हा वस्तू उन्हात टाकावी, एवढ्यावर तो विषय संपतो. परंतु बुरशी एखाद्या रोग्याच्या रक्तात सापडली, तर ती कोणती ह्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून असू शकते. हे उत्तर मिळवणे किती अवघड आहे आणि अलीकडच्या काळात ते कोणत्या मार्गाने मिळू लागले आहे, ह्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

बुरशींच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. पृथ्वीवर प्रत्यक्षात बावीस ते अडतीस लाख जाती असाव्यात, असा अंदाज ह्या शास्त्रातील जाणकारांनी २०१७ साली मांडला. म्हणजे ज्यांचे बारसे झाले आहे त्यांच्यापेक्षा बिनबारशाच्या कितीतरी पट अधिक. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी लिहावे, तसा पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा त्या विशिष्ट जातीचा. आडनाव ओळखणे फारसे कठीण जात नाही. पेनिसिलियम सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा कुंचल्यासारखी दिसते, आणि त्या लॅटिन नावाचा अर्थही कुंचला असाच आहे. अ‍ॅस्परजिलस पाहून तर मिकेली ह्या इटालियन धर्मगुरूला १७२९ साली चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याचे साधन आठवले, आणि त्याने तेच नाव तिला दिले. गोव्यातल्या श्रोत्यांना ते साधन पाहून ठाऊक असेल. खरी अडचण आडनावानंतर सुरू होते. एकाच आडनावाच्या शेकडो भावंडांतून नेमके हे कोण, हे कसे सांगावे?

जुनी रीत अशी होती. बुरशी ठरावीक अन्नद्रव्यावर, ठरावीक उष्णतेत, ठरावीक दिवस वाढवायची. मग तिचा वरचा रंग पाहावयाचा, काचेच्या तबकडीच्या पाठीमागून दिसणारा रंग पाहावयाचा, पोत मखमली की लोकरी हे ठरवायचे, आणि शेवटी बीजाणू मोजावयाचे. आमच्या विद्यार्थिदशेत ह्या मोजणीत डोळे दुखून येत. एक मुलगा तीच बुरशी "हिरवी" म्हणून लिही, दुसरा "निळसर हिरवी", आणि तिसऱ्याच्या तबकडीत पाणी थोडे अधिक झाल्यामुळे ती चक्क पिवळी पडलेली असे. दोष मुलांचा नव्हता. बुरशीला हात नाहीत, पाय नाहीत, फूल नाही, पान नाही. दाखवावयाला अवयवच थोडे असल्यामुळे दूरची माणसे सारखी दिसतात, आणि सख्खी भावंडे अन्नपाणी बदलताच निराळी दिसू लागतात.

ह्या घोटाळ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंगची बुरशी. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील एका तबकडीत ती उगवली, आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले. ही कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. त्या बुरशीला आजवर किती नावे मिळाली, ही कथा मात्र थोड्यांना ठाऊक असते. त्याच इमारतीत ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ काम करीत होते. त्यांनी तिला पेनिसिलियम रुब्रम ठरवले, आणि फ्लेमिंगने आपल्या १९२९ च्या निबंधात तेच नाव छापले. पुढे ती अमेरिकेत चार्ल्स थॉम ह्यांच्याकडे गेली. पेनिसिलियमच्या बाबतीत थॉमचा शब्द अखेरचा मानला जाई. ते म्हणाले, ही पेनिसिलियम नोटाटम. दुसऱ्या महायुद्धात औषध म्हणून जे पेनिसिलिन सैनिकांपर्यंत पोहोचले, त्याच्या सुरुवातीच्या इतिहासात हेच नाव आढळते. १९७७ साली नोटाटम ही निराळी जात नव्हेच, तिला पेनिसिलियम क्रायसोजेनममध्ये सामावून घ्यावे, असे ठरले. आणि २०११ साली नेदरलँड्समधील हौब्राकेन आणि सॅम्सन ह्यांनी, डेन्मार्कच्या फ्रिसवाड ह्यांच्यासह, दाखवून दिले की ती क्रायसोजेनमही नव्हे. ती पेनिसिलियम रुबेन्स. हे नाव बियूर्ज नावाच्या बेल्जियन संशोधकाने १९२३ सालीच देऊन ठेवले होते, आणि मध्यंतरी ते अडगळीत पडले होते. गंमत अशी की रुब्रम म्हणजे लाल आणि रुबेन्स म्हणजे लालसर. बिचाऱ्या ला टूश ह्यांचे नाव चुकले, पण शब्द फार लांबचा नव्हता.

एका बुरशीला ८२ वर्षांत चार नावे मिळाली. चौथे नाव तरी बरोबर, हे कशावरून? येथे डीएनएचा प्रवेश होतो.

डीएनए हे आनुवंशिकतेचे द्रव्य. त्यात चारच अक्षरांची लिपी वापरून जीवाचा सारा वारसा लिहिलेला असतो, आणि पिढीमागून पिढी त्याची नक्कल उतरवली जाते. नक्कल म्हटली की चुका आल्याच. ह्या चुकांचा उपयोग कसा होतो, हे मराठी श्रोत्यांना सांगण्यासाठी मला दूर जावे लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या शेकडो हातांनी उतरवल्या गेल्या, त्यांत अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथ्या ताडणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरलेल्या असण्याचा संभव मोठा. अशा सामाईक चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडता येते. बुरशीच्या डीएनएतील अक्षरबदल हेच काम करतात. रंग आणि पोत अन्नपाण्यानुसार बदलतात. डीएनएतील अक्षरे मात्र तबकडीत पाणी जास्त झाले म्हणून बदलत नाहीत.

सबंध पोथी वाचणे पूर्वी आवाक्याबाहेरचे होते, म्हणून एखादे पान निवडावे लागे. पेशीत प्रथिने बनवणारी जी सूक्ष्म यंत्रणा असते, तिची जनुके सर्व बुरशींत जवळपास सारखी असतात, कारण त्यांत बदल झाला तर जीव जगतच नाही. परंतु त्या जनुकांच्या मधोमध काही रिकाम्या जागा आहेत, आणि तेथे चुका साचून राहतात. पोथीतल्या ओव्या नीट उतरवाव्यात आणि समासातल्या मजकुराकडे दुर्लक्ष करावे, तसा हा प्रकार. ह्या समासाला आयटीएस म्हणतात, आणि त्याची लांबी सुमारे सहाशे अक्षरांची असते. दोन्ही बाजूंच्या न बदलणाऱ्या ओव्यांना पकडून मधल्या समासाच्या कोट्यवधी प्रती परीक्षानळीत तयार करण्याची युक्ती १९९० साली चार अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुरशींसाठी बसवून दिली. ही प्रत काढण्याची मूळ रीत पीसीआर ह्या नावाने आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. करोनाच्या साथीत तिचे नाव घरोघरी गेले. २०१२ साली आयटीएसला बुरशींच्या ओळखीची अधिकृत खूण म्हणून मान्यता मिळाली.

परंतु ह्या खुणेवर विसंबून राहिले तर फ्लेमिंगची बुरशी ओळखता येत नाही. पेनिसिलियमच्या अगदी जवळच्या भावंडांत समासातला मजकूर इतका सारखा असतो की त्यावरून निवाडा करणे धोक्याचे ठरते. तेथे ओव्यांकडेच, म्हणजे बीटा-ट्युब्युलिनसारख्या दुसऱ्या जनुकांकडे, वळावे लागते. आणि एका जनुकाने सांगितले म्हणून तेवढ्यावरही थांबता येत नाही. येथला विचार मला फार सुंदर वाटतो, म्हणून थोडा वेळ त्यावर थांबतो.

समजा, आपल्यापुढे वीस पोथ्या आहेत. पहिल्या अध्यायातील पाठभेदांवरून आपण वंशावळ मांडली. मग नवव्या अध्यायावरून मांडली, आणि ती निराळी निघाली. याचा अर्थ ह्या पोथ्या उतरवणाऱ्यांनी एकमेकांच्या प्रती समोर ठेवून सरमिसळ केली होती, त्यांचे आपसांत येणे-जाणे होते. पण त्याच वीस पोथ्यांत दहा-दहांचे दोन गट असे निघाले की कोणताही अध्याय घ्या, ह्या दहा एकीकडे आणि त्या दहा दुसरीकडे. मग त्या दोन गटांत व्यवहार फार पूर्वी तुटला आहे, हे उघड झाले. बुरशींतही जोवर आपसांत संकर चालू असतो, तोवर एका जनुकाची वंशावळ दुसऱ्या जनुकाच्या वंशावळीशी जुळत नाही. जेथे ही विसंगती संपते आणि सर्व जनुके एकच रेघ दाखवू लागतात, तेथे जातीची सीमा. हा निकष टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडला. जे मतभेद पूर्वी विद्वानांमध्ये होत, ते आता जनुकांमध्ये पाहावयाचे, आणि त्यांच्या एकमतावरून निर्णय द्यावयाचा! फ्लेमिंगच्या बुरशीचा २०११ चा निवाडा अनेक जनुके आणि तिने निर्माण केलेली रसायने एकत्र ताडूनच झाला. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे एका सडक्या खरबुजावर जी बुरशी सापडली, आणि जिच्या वंशजांवर पुढे जगातील पेनिसिलिनचे कारखाने उभे राहिले, तीही रुबेन्सच ठरली.

कोणी म्हणेल, नाव चुकले म्हणून काय बिघडले? चुकीच्या नावाच्या बुरशीनेच लाखो जीव वाचवले. आपल्या पिंपरीला १९५४ साली कारखाना उभा राहिला, त्या काळच्या पुस्तकांत रुबेन्स हे नाव शोधूनही सापडले नसते, म्हणून औषधाचा गुण कमी झाला नाही. हा आक्षेप बिनतोड आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच आता दुसरी हकीकत सांगतो.

२००९ साली जपानमधील संशोधकांनी टोकियोतल्या एका वृद्ध स्त्रीच्या कानातून मिळालेल्या यीस्टचे वर्णन प्रसिद्ध केले. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. तिला ना कुंचला, ना तंतू. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो केवळ एक अंडाकार ठिपका. डीएनए वाचल्यावर ती नवी जात असल्याचे दिसले आणि तिला कॅन्डिडा ऑरिस हे नाव मिळाले. ऑरिस म्हणजे कानाची. कानातली निरुपद्रवी यीस्ट म्हणून ती कदाचित विसरलीही गेली असती. परंतु थोड्याच वर्षांत दिल्लीतील डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ ह्या काळातल्या दोन रुग्णालयांतील बारा रोग्यांचे नमुने तपासले, आणि २०१३ साली जाहीर केले की ह्या सर्वांना झालेला संसर्ग कॅन्डिडा ऑरिसचाच आहे, आणि बाराही नमुने जणू एकाच पोथीच्या प्रती आहेत. रुग्णालयांतील स्वयंचलित यंत्रे अशा नमुन्यांना कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणत होती. दुसऱ्या एका चाचणीत त्याच यीस्टचे नाव ऱ्होडोटोरुला असे निघे. यंत्राचाही फारसा दोष नव्हता. ही यीस्ट कोणकोणती साखर पचवते हे ते पाहत असे आणि आपल्या यादीतले सर्वांत जवळचे नाव छापून देत असे. यादीत ऑरिस नव्हतीच.

ह्या चुकीची किंमत काय? हीम्युलोनी क्वचित आढळणारी, म्हणून डॉक्टर त्या रोग्यापुरता विचार करीत. ऑरिस मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाते. खाटेच्या कठड्यावर, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावर ती आठवड्यांमागून आठवडे टिकून राहते, आणि नेहमीच्या काही जंतुनाशकांना दाद देत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला येथील ५४ रोग्यांचे नमुने तपासले होते. त्यांतले ९३ टक्के फ्लुकोनॅझोल ह्या नेहमीच्या औषधाला जुमानत नव्हते, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी ह्या जालीम औषधालाही ३५ टक्के दाद देत नव्हते. अतिदक्षता विभागात आधीच क्षीण झालेल्या माणसाला चुकीच्या नावामुळे चुकीचे औषध मिळाले तर काय होईल, हे सांगावयास नको. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला वेगळे ठेवले नाही, तर त्याचीही पाळी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची पहिली यादी केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या चारांत ऑरिसला स्थान मिळाले.

त्याच अभ्यासात आणखी एक चकित करणारी गोष्ट निघाली. तेथे निवडक पाने नव्हे, तर सबंध पोथीच वाचली होती. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथील ऑरिसचे चार स्पष्ट गट पडले. दोन गटांमध्ये हजारो अक्षरांचे अंतर, आणि एका गटाच्या आत मात्र जेमतेम काही अक्षरांचे. म्हणजे कोणा एका प्रवाशाने एका ठिकाणाहून ती जगभर नेली, असे घडलेले नाही. फार पूर्वी विभक्त झालेली चार घराणी जवळजवळ एकाच वेळी तीन खंडांतल्या रुग्णालयांत अवतरली. पुढे इराणमध्ये पाचवे घराणे सापडले. असे का व्हावे, ह्याविषयी अनेक तर्क आहेत आणि वाढत्या उष्णतेचा तर्क त्यांत प्रमुख आहे. २०२१ साली अंदमानच्या किनाऱ्यावर, खाऱ्या दलदलीत आणि वाळूत ती मिळाली. रुग्णालयाबाहेरच्या निसर्गात तिचा पत्ता लागल्याची ती पहिली नोंद होती.

येथवर ऐकून डीएनए वाचला की सर्व वाद मिटले, असे कोणास वाटेल. ते तसे नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी मक्यावर आणि भुईमुगावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृत जाळणारे विष तयार करते. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि वडोदऱ्याशेजारच्या पंचमहाल जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक दगावले. तिची बहीण अ‍ॅस्परजिलस ओरायझी. जपानी लोक तिच्यावरच आपले मद्य आणि सोयाबीनचा रस्सा आंबवतात, आणि २००६ साली तेथील आंबवणशास्त्राच्या संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशीचा मान दिला. दोघींचा डीएनए ताडला तर ९९ टक्क्यांहून अधिक सारखा! आयटीएसवरून तर त्यांत भेदच करता येत नाही. विष तयार करण्याची जनुकेसुद्धा ओरायझीत आहेत, पण मोडकी, मुकी. लांडगा माणसाळून कुत्रा झाला, तशी फ्लेव्हस शतकानुशतके जपानी स्वयंपाकघरात राहून ओरायझी झाली, असे मानतात. काटेकोर हिशेबाने दोघींना एकच नाव द्यावयास हवे. परंतु एकीच्या नावाने विषाची परीक्षा होते आणि दुसरीच्या नावावर अन्नाला परवाना मिळतो, म्हणून दोन नावे जाणूनबुजून ठेवली आहेत. मला हा निर्णय योग्य वाटतो. अक्षरे किती जुळतात हे यंत्र सांगेल, पण किती जुळली म्हणजे एक म्हणावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

शिवाय वाचलेली अक्षरे कशाशी ताडावयाची, हाही प्रश्न आहेच. जगभरचे संशोधक आपली अक्षरमालिका सार्वजनिक भांडारात ठेवतात आणि सोबत बुरशीचे नाव लिहितात. ते नाव लिहिणाऱ्यानेच चुकलेले असेल तर? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा सुमारे २० टक्के नोंदींतील जातीचे नाव संशयास्पद आढळले. ह्यावर उपाय एकच. ज्या मूळ नमुन्यावरून नाव दिले, तो जपून ठेवलेला असावा आणि त्याचाच डीएनए वाचावा. फ्लेमिंगची बुरशी गोठवून जिवंत राखली होती, म्हणून तर २०२० साली तिची सबंध पोथी वाचता आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि वाळवलेल्या नमुन्यांचा अजरेकर ह्यांच्या नावाचा संग्रह आहे. वर्षानुवर्षे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या, ठरल्या वेळी बुरशी नव्या अन्नद्रव्यावर उतरवणाऱ्या माणसांचे नाव निबंधांत क्वचितच येते. तरीही डीएनएच्या यंत्राला खरे-खोटे कळते ते त्यांच्या कपाटामुळे. केवळ अक्षरमालिकेवरून, प्रत्यक्ष नमुना नसताना, नवी जात मान्य करावी असा प्रस्ताव २०१८ साली पोर्टो रिकोतील सान हुआनच्या परिषदेत मांडला गेला, तो संमत झाला नाही.

नावांच्या बाबतीत बुरशीशास्त्रज्ञांनी पूर्वी फार गोंधळ घालून ठेवला होता, हेही कबूल केले पाहिजे. एकाच बुरशीच्या लैंगिक अवस्थेला एक नाव आणि अलैंगिक अवस्थेला दुसरे, असे दीडशे वर्षांच्या आसपास चालले. जणू लेकीचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, आणि दोन्ही सरकारदरबारी मंजूर! डीएनएने दोन्ही एकच असल्याचे दाखवल्यावर ही पद्धत २०११ च्या मेलबर्न परिषदेत मोडली, आणि १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव असा नियम झाला.

कॅन्डिडा ऑरिसच्या नावाचेही काम अद्याप आटोपलेले नाही. कॅन्डिडा हे आडनाव पूर्वी फार सैलपणे वाटले गेले होते, आणि ऑरिस तिच्या नामवंत आप्तांची जवळची नातलग नाही, हे सबंध डीएनएच्या वाचनाने दिसून आले. म्हणून २०२४ साली तिला कॅन्डिडोझायमा हे नवे आडनाव सुचवण्यात आले. डॉक्टर मंडळी कुरकुर करीत आहेत, आणि त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. मोठ्या मिनतवारीने परिचारिकांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांना जे नाव ओळखावयास शिकवले, तेच आता बदलावयाचे. तूर्त अनेक ठिकाणी तडजोड म्हणून तपासणीच्या कागदावर नवे नाव लिहितात आणि त्याच्या पुढे, कंसात, जुने.